बिनखिडक्यांचं घर

देल्फीनचं लग्न जमता जमता अडलं ते घरापाशी. मार्सेयचे साबणवाले ओदिबेर मुलासाठी तिला पसंत करून बसले होते, पण गुडघ्यांमुळे तिच्या एस्ताक गावची चढण त्यांना झेपेना. "घराचा फोटो तरी पाठवा," असा त्यांचा निरोप आला. फोटोवाल्यावर पैसे घालवणं तुसाँ रूव्हिएरच्या, म्हणजे मुलीच्या बापाच्या, जिवावर आलं. वरच्या खोलीत पॅरिसचा चित्रकार गास्पार भाड्याने राहत होता. तुसाँने त्यालाच कामाला लावलं.

चित्र पाहून तुसाँ उडालाच.

"माझं घर कुठंय यात?"

"हा मधला ठोकळा, मालक."

"आणि खिडक्या? आम्ही काय धुराड्यातून आत उतरतो?"

"दिसतं तसं काढायचे दिवस गेले. मी घराचा गाभा काढतो."

"गाभा गेला चुलीत! टेकडी छपरावर चढून बसलीय माझ्या!"

तुसाँ तणतणत फोटोवाल्याकडे निघाला. तो परत येईपर्यंत बायकोने, नोरीनने, मासळीच्या गाडीबरोबर चित्र मार्सेयला धाडूनही दिलं होतं. तिला वाटलं, तेवढंच एक काम उरकलं.

दोन दिवसांनी गाडीवाली निरोप घेऊन आली. "ओदिबेरसाहेब भलतेच खूश आहेत! म्हणाले, सरकार खिडक्या मोजून घरपट्टी घेतं आणि या पठ्ठ्याच्या घराला एकही खिडकी नाही! व्याही असावा तर असा. गुडघे गेले खड्ड्यात, रविवारी येतोच."

"बाबा, खरं काय ते सांगून टाका," देल्फीन रडवेली झाली.

"गप्प बस. लग्न करायचंय ना?"

शनिवारी तुसाँने विटा आणल्या आणि सगळ्या खिडक्या बुजवल्या, अगदी गास्पारचीसुद्धा. तो टेकड्या रंगवायला गेला होता.

रविवारी भर दुपारी कंदील लावून माशांचं कालवण वाढलं. ओदिबेर भिंती चाचपत "वा, वा!" म्हणत होते. एवढ्यात टेकड्यांवरून नुकताच परतलेला गास्पार जिन्यावरून ओरडत खाली आला. "मालक! माझी खिडकी कुठे गेली? परवापर्यंत होती!"

तुसाँच्या घशात काटा अडकला.

"तुमच्याच चित्रात नव्हती ना?" तो कसाबसा म्हणाला.

"चित्रात चालतं हो! राहायला उजेड नको?"

ओदिबेरांनी चमचा खाली ठेवला. देल्फीनने डोळे मिटले.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "माझ्या एका शब्दासाठी तुम्ही अख्खं घर बुजवलंत?"

"हो," तुसाँ पुटपुटला.

ओदिबेरांनी उठून त्याला मिठीच मारली. "लग्न पक्कं! फक्त आता या खिडक्या उघडू नका हं. मी दर रविवारी जेवायला येणार."

देल्फीन आनंदाने आईच्या गळ्यात पडली. गास्पारने मात्र लगेच सामान बांधायला घेतलं. नोरीनने त्याला दारातच अडवलं आणि स्वयंपाकघराची बुजलेली भिंत दाखवली.

"इथं एक खिडकी रंगवून द्या, मगच जा. आणि ते ठोकळेबिकळे नकोत. समुद्र समुद्रासारखा दिसला पाहिजे."