झुलत्या खुर्चीचा पाय

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि एक जुनी शिडाची होडी मनात आणा. रंग उडालेला, शीड गुंडाळून ठेवलेलं, आणि पोटात आपल्या छातीसारख्याच वाकड्या फासळ्या. त्यातल्या एका फासळीत आजोबांनी स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला.

"कुजली," आजोबा म्हणाले.

नातीचं तोंड उतरलं. होडी ठेवली होती त्या शेडच्या मालकाने बजावलं होतं, "उद्याच्या भरतीला होडी पाण्यात गेली तर गेली. नाहीतर परवा तिचं सरपण!" आणि या होडीतून पहिली फेरी मारायची, हे नात वर्षभर घोकत होती.

आजोबांनी नव्या फासळीसाठी एक जाड फळी वाकडी कापली आणि गुडघ्यावर दाबून पाहिली. काड्!

"असं कसं हो मोडलं?"

"लाकडातल्या या रेषा बघ. फळी सरळ, म्हणून रेषाही सरळ. आपण वाकडं कापलं, तशा त्या वळणावर तुटल्या. फासळीला असं लाकूड हवं, ज्यात वळणाबरोबर रेषाही वळल्यात."

नात शिकली ते पक्कं शिकली. छत्रीची मूठ पाहिली, ती पडली छोटी. आरशाची कमान पाहिली, ती अगदीच पातळ. शेवटी ती व्हरांड्यात थबकली. तिथे आत्याआजीची, म्हणजे आजोबांच्या ताईची, झुलती खुर्ची होती. ती ज्यांवर झुलायची, त्या दोन्ही वाकड्या पायांवरच्या रेषा जणू कंगव्याने विंचरून वळवल्या होत्या.

"ताई दुकानात गेलीय," आजोबा कुजबुजले. "नुसतं माप घेऊ."

नुसतं माप घ्यायला एक पाय काढावा लागला. काढल्यावर होडीत लावून बघावा लागला. लावल्यावर टोकं तासावी लागली. मग तो असा काही बसला, की स्क्रू न पिळणं हा त्याचा अपमानच झाला असता.

खुर्चीला त्यांनी फळीतून नवा पाय कापला.

"आजोबा, याच्या रेषा तर सरळच आहेत."

"खुर्चीला कुठे लाटा लागतायत?"

लाटा नाही लागल्या, आत्याआजी लागली. एक झोका, दुसरा झोका, काड्! आत्याआजी भुईवर आणि पिशवीतले बटाटे अंगणात. पण ती भावासारखीच सुतार बापाच्या हाताखाली वाढलेली. कंबर चोळायच्या आधी तिने मोडका तुकडा उचलून पाहिला आणि तडक शेड गाठली.

"सरळ रेषांचा पाय लावलास? बाबांनी कान उपटला असता तुझा! काढ माझा पाय आत्ताच्या आत्ता."

"ताई, अगं, उद्या भरती…"

"आणि मी काय जन्मभर भुईवर बसू?"

नातीला हुंदका आला. खुर्ची तिनेच तर दाखवली होती. आत्याआजीने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग फासळीवर बोटांनी टकटक केलं. "बसवलाय मात्र झकास," ती पुटपुटली. स्क्रूड्रायव्हर घेऊन तिने समोरची फासळी टोचली. तो मुठीपर्यंत आत गेला.

तीही कुजलेली!

"एका पायाची खुर्ची तरी काय कामाची?" आत्याआजी म्हणाली. "दुसराही आणा. पण पहिल्या फेरीला मी येणार."

"ताई, होडीत दोघांचीच जागा आहे गं." आजोबांनी बिचकत नातीकडे पाहिलं.

नात घराकडे पळाली. परतली तेव्हा एका हातात खुर्चीचा दुसरा पाय होता आणि काखेत आत्याआजीची उशी. ती उशी तिने होडीत, सुकाणूपाशी, आजोबांच्या जागेवर नीट अंथरली.