दामू मास्तरांची डबी

दामू मास्तरांच्या हातून कुठलीही वस्तू सरळ मिळायची नाही. जेवताना मीठ मागितलं, तर आधी ते माझ्या कानामागून सुपारी काढीत, ती मुठीत धरून फुंकर मारीत, मूठ उघडून रिकामी दाखवीत, आणि मग कुठं मीठ पुढं सरकवीत. तोवर माझी आमटी गार! वर विचारणार, "काय दुय्यम, कळलं का काही?" साखरशेतच्या शाळेत आम्ही दोनच मास्तर. ते थोरले आणि मी दुय्यम. माझं नाव त्यांनी तीन वर्षांत एकदाही घेतलं नाही.

ही गोष्ट जव्हार संस्थानच्या काळातली, मी अगदी कोवळा मास्तर होतो तेव्हाची. शाळा म्हणजे कुडाची एक खोली, पुढं सारवलेलं अंगण आणि अंगणात मोहाचं झाड. दामू मास्तर मूळचे जव्हारच्या मोठ्या शाळेतले. तिथं तपासणीला आलेल्या साहेबांच्या पगडीतून अंडं काढून दाखवायची त्यांना एकदा हुक्की आली. अंडं निघालं खरं, पण फुटून निघालं. साहेब कडक सोवळ्यातले! आठ दिवसांत मास्तर साखरशेतला. मला हे सांगताना त्यांना बदलीचं दुःख म्हणून काही नव्हतं. "दुय्यम, अख्खी शाळा हसली हो!" एवढंच म्हणाले.

त्यांचं जादूचं सामान म्हणजे एक लाल रुमाल, हातभर दोरी आणि एक लाकडी डबी. डबी त्यांनी खोडाळ्याच्या बाजारात एका मदाऱ्याकडून नवी कोरी छत्री देऊन घेतली होती. पुढचा सगळा पावसाळा हा गृहस्थ डोक्यावर इरलं घेऊन हिंडला. पण डबीला कधी पाण्याचा थेंब लागू दिला नाही.

खेळ साधाच. डबीत सुपारी टाकायची आणि झाकण लावायचं. मग मास्तर म्हणत, "हात बघा, बाही बघा, आता मला बघा!" पोरं तोंडाकडं बघू लागली, की मास्तर डोळे गरगरा फिरवीत, मिशी एका बाजूनं उडवीत, आणि झाकण काढीत. डबी रिकामी! पोरं ओरडत, "आँ! गेली कुठं?" हे तीन शब्द ऐकले, की मास्तरांचं पोट भरे. मग रात्रीचं जेवण करपलं तरी चालायचं.

आमची शाळा त्या डबीवर चालली होती, हे मला कबूल केलंच पाहिजे. गुरं राखायची सोडून बाराखडीसाठी कोण येतंय? पण आधी हजेरी, मग पाढे, आणि शेवटी डबी, असा मास्तरांचा नियम. त्या डबीपायी पोरं म्हशी डोंगरात सोडून येत. माझ्यासाठी कुणी शेळीसुद्धा सोडली नसती.

डबीचं गुपित मात्र ते प्राणापलीकडं जपत. झोपताना ती उशाखाली, आंघोळीला ओढ्यावर गेले तरी पंच्याच्या घडीत. एकदा मी चिडलोच. म्हटलं, "अहो, एका ताटात जेवतो आपण, मला तरी सांगा!"

"आमच्या मंडळींना सांगितलं नाही, तुम्हाला सांगू?" मास्तर हसले. "बारा वर्षं विचारीत होती बिचारी. शेवटच्या दुखण्यातसुद्धा विचारलंन. मी म्हटलं, बरी हो, मग सांगतो." मग त्यांनी उगाच चुलीतली लाकडं पुढंमागं केली. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आणि एका सकाळी पाड्यावरली जानीबाई आपल्या सुकरीला कडेवर घेऊन अंगणात आली. सुकरी सात-आठ वर्षांची, रोज पहिल्या ओळीत बसून मोठ्यानं ओरडणारी पोर. तिच्या मांडीत हे एवढं गळू टरटरून आलेलं आणि अंग तापानं फणफणलेलं. जानीबाईनं तिला मास्तरांसमोर बसवली आणि पुढ्यात एक सुपारी ठेवली.

"मास्तर, तुमी सुपारी गुल करता. माझे पोरीची ही गाठ पन गुल करा."

सगळी शाळा दाराशी जमली. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं बाई, तो नुसता खेळ! हिला जव्हारच्या दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता ने!"

"डाक्तर कापतो. तुमी कापत नाय."

"मला काही येत नाही गं. मी भगत नाही."

जानीबाई समजुतीचं हसली. "मोठा भगत कदी सांगत नाय, मी भगत हाय म्हनून."

आता काय करावं? मी समजावलं, रागावलो, दवाखान्यातल्या औषधांची नावं घेतली. ती बाई जागची हलेना. एवढा जादूगार घरचा असताना पोरीच्या अंगाला सुरी लावायला ती काय वेडी होती? सुकरी तर मास्तरांकडं अशी बघत होती, की आता डबी उघडेल आणि दुखणं गेलेलं असेल. पोरीचे दात वाजत होते हो.

मास्तरांनी डबी काढली. मला वाटलं, चळला म्हातारा! खेळ करतो की काय! पण त्यांनी "हात बघा" म्हटलंच नाही. सुपारी टाकली, झाकण लावलं, काढलं. डबी रिकामी. मग तिच्यात नख घालून त्यांनी एक पातळ लाकडी वाटी उचकटून वर काढली. खाली सुपारी जशीच्या तशी.

"ही चोरवाटी," ते म्हणाले. "झाकणात अडकलेली असते. झाकण दाबलं, की खाली उतरून सुपारीवर बसते. सुपारी कुठं जात नाही बाई. कधीच गेली नव्हती. पोरीची गाठपण वरून झाकली तर आतच राहील. घे, तू करून बघ."

जानीबाईनं दोनदा करून बघितलं. मग पोर उचलली. सुकरीचा बाप आणि मी झोळी करून पोरीला जव्हारला नेली. मास्तर तिचं डोकं सावरीत सबंध चढण पायी चढले. डॉक्टरांनी गळू कापलं. म्हणाले, दोन दिवस उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती.

परत येताना मास्तर एकदाच बोलले. "दुय्यम, हिला तरी सांगायला हवं होतं." हिला म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पोरं घटली. ज्याची वाटी कळली ती डबी कोण बघणार? गुरं पुन्हा राखणदारासकट डोंगरात दिसू लागली. मास्तर डबी आणीत, खिशातच ठेवीत. जेवताना मीठ मागितलं, की मुकाट्यानं पुढं सरकवीत. खरं सांगतो, ते मीठ मला गोड लागेना.

महिनाभरानं सुकरी आली. लंगडत आली, पण आपल्या पायांनी. मागं सगळी गुराखी फौज. तिच्या हातात बांबूच्या पेराची डबी होती. बापाकडून करून घेतलेली, आत बारक्या पेराची वाटी. तिनं मास्तरांना खाली मातीत बसवलं, आपण खुर्चीवर चढली, आणि डबीत चिंचोका टाकला.

"हात बघा," सुकरी म्हणाली. "बाही बघा." अंगात बाहीचं काही नव्हतंच, तरी तिनं दाखवली. "आता माला बघा!"

आणि तिनं झाकण इतक्या जोरात दाबलं, की चिंचोका उडाला आणि मास्तरांच्या गुडघ्यापाशी पडला. मी बघितला. पोरांनी बघितला. मास्तर मात्र खाली बघेनात. ते सुकरीकडं बघत राहिले. तिनं डोळे गरगरा फिरवले, नसलेली मिशी उडवली, आणि डबी उघडली.

"आँ!" दामू मास्तर ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. "गेला कुठं?"