साहेबांचे मासे आणि कालचं पाणी

बाबांना ‘नाही’ म्हणता आलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. (मलाही म्हणता येत नाही. आमच्या घरात तो शब्द फक्त सुभद्राआत्याला येतो.)

बाबा गिरणीच्या टाइम ऑफिसात सहा वर्षं बदलीवर, म्हणजे हंगामी, कारकून आहेत. मोठ्या साहेबांनी एकदा विचारलं, “बंगल्यातला हौद फुटलाय. नवा बांधून होईपर्यंत आठ दिवस माझे मासे कोण सांभाळेल?” सगळ्यांनी माना खाली घातल्या. बाबांची वरच राहिली. मासे धडधाकट परत केले की साहेब आपल्याला कायम करणार, अशी त्यांची खात्री होती. मासे मेले तर काय करणार, हे आईने विचारलं. त्यावर बाबा चहा प्यायले.

मासे जपानी होते, कोय जातीचे. वीतभर लांब, पांढऱ्या अंगावर केशरी डाग, असे चार. शेजारचे धोंडूकाका गवंडी. त्यांनी दोन दिवसांत चाळीच्या चौकात सिमेंटचा हौद उभा केला. तिसऱ्या दिवशी मासे आले आणि चौथ्या दिवशी पाण्याबाहेर तोंड काढून आ वासू लागले.

आत्याने पदर खोचला, एक मासा उचलला आणि बाजारात बघतात तसा त्याचा कल्ला उघडून पाहिला.

“कल्लो बघ कसो लालभडक! एकदम ताजो. ह्येका काय्येक झाला नाय!”

“ताई, तो जिवंत आहे!” बाबा ओरडले. “ताजा असणारच!”

“हौदात तर दोष नाही ना?” आईने विचारलं.

“माझ्या हौदात?” धोंडूकाका भडकले. “भूकंप झाला तरी तडा जाणार नाही!” (भूकंपाची तक्रार माशांनी केलीच नव्हती.)

मग अख्ख्या चाळीने उपचार सुरू केले. पाहुणे उपाशी नकोत म्हणून प्रत्येक खोलीतून भाताची मूठ हौदात पडली. भाताने पाणी गढूळ झालं, म्हणून आत्याने ते उपसून नळाचं ताजं भरलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. शुक्रवारी एक मासा कुशीवर तरंगू लागला. साहेब रविवारी येणार होते.

“पद्मे,” बाबा काकुळतीने म्हणाले, “तुला सायन्सला किती मार्क पडले?”

“बेचाळीस.”

“घरात सगळ्यांत जास्त तुझेच. बघ काहीतरी.”

त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. शाळा बंद, बसही बंद. मी परळहून दादरला सायन्सच्या बाईंच्या घरी चालत गेले. त्यांच्या दाराबाहेर मी बराच वेळ उभी होते. शेवटी बाईच कचरा टाकायला बाहेर आल्या म्हणून भेट झाली.

त्यांनी मला लिटमसचे लाल कागद दिले. हौदात बुडवला तर कागद निळाभोर. बाईंनी सांगितलं होतं तसंच निघालं. नवं सिमेंट पाण्यात चुना सोडत होतं. शिवाय नळाच्या ताज्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते माशांनाही सोसत नाही. उपाय एकच. भात बंद, आणि मासे दुसऱ्या भांड्यात, दिवसभर उघडं ठेवलेल्या पाण्यात.

असं पाणी आमच्याकडे फक्त आत्याच्या पिंपात असतं, आणि ते ती रोज सकाळी ‘शिळं’ म्हणून ओतून देते. शनिवारी मी उठले तेव्हा ती तेच करायला निघाली होती.

“आत्या, ते मला हवंय. माशांना.”

“पावण्यांका शिळा पाणी? अगो, लोकां काय म्हणतीत?”

तिने पिंप कलंडवायला घेतलं आणि मला काय झालं कोण जाणे. आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडले, “माशांना शिळं पाणी मिळालं पाहिजे!”

“मिळालंच पाहिजे!” वरच्या गॅलरीतून पाच-सहा पोरांनी साथ दिली. सवयीने त्यांचे हातही वर गेले होते. मोर्च्यापुढे आत्याचं काही चाललं नाही.

रविवारी साहेब आले तेव्हा चारही मासे पिंपात आरामात फिरत होते. “वा, लवू!” साहेब बाबांवर खूश झाले. “कसं जमवलंत?”

बाबांनी मला पुढे ढकललं. नुकताच आवाज फुटलेला, त्यामुळे मी थांबलेच नाही. चुना, लिटमस, औषध, सगळं सांगितलं. साहेब मान डोलवत होते म्हणून वर हेही सांगितलं की नव्या सिमेंटच्या हौदात मासे कधीच लगेच सोडू नयेत. चांगले तीन महिने जाऊ द्यावेत.

साहेब विचारात पडले. “बरं झालं बोललीस, मुली. बंगल्यातला हौद कालच बांधून झालाय.”

आणि ते रिकाम्या हाताने परत गेले.

बाबा अजून बदलीवरच आहेत. माशांच्या चाकरीत कायम फक्त मी झाले.