पेणला लख्ख ऊन

शनिवारी सकाळी पेणला पावसानं असं झोडपायला घेतलं, की नीलकंठ दामले सरांनी खिडकीतून हात बाहेर काढून खात्री करून घेतली आणि मगच ते मनापासून हसले. ऐन नोव्हेंबरात पाऊस. समुद्रात कुठंसं वादळ उठलं होतं आणि ते नेमकं सरांच्या मदतीला धावून आलं होतं.

कारण दुसऱ्या दिवशी अवचितगड चढायचा होता. एकाच संस्थेच्या दोन शाळा, एक पेणला, एक रोह्याला. मागं एका संमेलनात श्रीखंडपुरी अंगावर आलेली असताना दामले सर बोलून गेले होते, की रोहेकरांना गड नुसता दारातून दिसतो, चढायला मात्र पेणकरच यावे लागतील. रोह्याच्या हैबतराव शिर्के सरांनी तिथल्या तिथं आव्हान दिलं. पुढं कधी निवडणूक, कधी जनगणना आडवी आली आणि दामले सर वाचत गेले. यंदा मात्र संस्थेच्या अध्यक्षांनीच तारीख ठरवली, वर नियमही घातला. जी शाळा माघार घेईल, ती हरली.

दामले सर भूगोल शिकवत. डोंगरांशी त्यांचा संबंध फळ्यापुरता होता.

"मग फोन करून सांगून टाका ना, पाऊस आहे म्हणून," पद्मजाबाई म्हणाल्या.

"म्हणजे माघार आम्ही घेतली असं होईल. ते करतील फोन. रोह्याला काय वेगळं आभाळ आहे?"

फोन खरंच वाजला.

"काय दामले सर," पलीकडून शिर्के सर म्हणाले, "हवा काय म्हणतेय पेणची?"

पन्हाळीचं पाणी अंगणात धबाधबा कोसळत होतं. दामले सरांनी पाय लांब करून दार लोटलं. "इथं लख्ख ऊन आहे. का हो, तिकडं पाऊस वगैरे?"

"छे, छे. धूळ उडतेय नुसती."

"मग तो ताशासारखा आवाज कसला?"

"शेजारी पत्रे बदलतायत. आणि तुमच्याकडं?"

"हिनं नळ उघडा ठेवलाय."

पद्मजाबाईंनी नवऱ्याकडं एकदा पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत पेणचा चमू गळाला. चित्रकलेच्या सरांना अचानक पाहुणे आले. पीटीच्या सरांना तर वादळाचं नाव ऐकूनच पाठीत उसण भरली. उरले एकटे दामले सर. पण त्यांनी हिशेब केला. अशा पावसात शिर्के काय येतात? आपण नुसतं पायथ्याशी उभं राहायचं, की जिंकलो.

रविवारी सकाळी ते एसटीनं रोह्याजवळच्या मेढ्याला उतरले. गडाच्या पायथ्याशी बायजाबाईचं चहाचं दुकान होतं. छत्री मिटून आत शिरतात तर बाकावर शिर्के सर, तेही एकटेच, अगदी तोच हिशेब करून आलेले. दोघांचेही चेहरे एकदमच पडले.

"छान ऊन आहे," दामले सर छत्री झटकत म्हणाले.

"हाय ना," शिर्के म्हणाले. त्यांच्या टोपीचं पाणी कपातल्या चहात ठिबकत होतं.

चहावर चहा झाले. माघारीचा शब्द कुणीच काढेना. आणि मग, कुणी मागितलं नसताना, पाऊस थांबला. ढग फाटले आणि गड स्वच्छ उन्हात उभा राहिला.

"उघडलं बघा," बायजाबाई म्हणाली. "जावा आता. निसतं बसून काय व्हनार हाय?"

आता इलाज नव्हता. दोघं निघाले. पहिली चढण संपायच्या आत दामले सर एका दगडावर टेकले. शिर्के सर शेजारच्या दगडावर कृतज्ञतेनं कोसळले.

बराच वेळ नुसती धाप चालली.

"शिर्के, खरं सांगा. हा गड चढलायत कधी?"

"बघतो रोज," शिर्के म्हणाले. "चढायचं काय डोक्यात आलं नाय."

"मग माघार दोघांनी मिळूनच घेऊ. पावसामुळं."

"पाऊस कुठं हाय?"

"वर गडावर धो धो आहे. बघायला कोण आलंय?"

पण उन्हानं कपडे वाळले होते. म्हणून खाली येऊन दोघांनी बायजाबाईच्या पिंपातलं पाणी आळीपाळीनं एकमेकांच्या डोक्यावर ओतलं.

"घरी आंघोळीची सोय नाय काय?" तिनं विचारलं.

अध्यक्षांनी हकिगत डोळे पुसत ऐकली. गडाचा दरवाजा अगदी हाताशी आलेला, वरून दगड घरंगळतायत, पाण्याचे लोट, आणि दोघांनी एकमेकांचा हात धरून काढलेली वाट. सांगता सांगता दामले सरांनीही रुमाल काढला. कुणीच हरलं नाही असं ठरलं आणि पुढच्या संमेलनात दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला.

"असे शिक्षक आपल्याकडं असताना," अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "मुलं मागं का राहावीत? येत्या जुलैत, भर पावसात, दोन्ही शाळा अवचितगडावर जातील. पुढं दामले सर, मागं शिर्के सर."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. नारळ धरलेला असल्यामुळं दामले सरांना टाळ्या वाजवता आल्या नाहीत. शिर्के सर जमिनीकडं बघत होते. हळूहळू टाळ्या ओसरल्या. शेवटी एकाच जागेवरून ऐकू येत राहिल्या. तिसऱ्या रांगेत पद्मजाबाई उभ्या राहून वाजवत होत्या.