देवळ्याला जाणारी टेप

गायधनींचा दुसरा चष्मा आमच्या घरी असायचा. ते राहायचे नाशिक रोडला, मी शहरात द्वारकेजवळ, आणि आमचं नातं काय, तर एका ऑफिसात काम करतो एवढंच. "अहो, चष्मा फुटला तर दुसरा घ्यायला तुम्ही इथवर येणार कसे? दिसायला तर पाहिजे!" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "ताई, माझं घर जळालं तर दोन्ही चष्मे एकदम जातील. वस्तू दुसरी ठेवायची, तर छप्पर दुसरं पाहिजे."

हा त्यांचा मंत्रच होता. घराची जादा किल्ली सायकलवाल्याकडे, मार्कशीटच्या झेरॉक्स तीन वेगवेगळ्या घरी. बहिणीने दिलेलं कैरीचं लोणचंसुद्धा अर्धं माझ्याकडे. ते आमच्या पोरांनी फस्त केलं. त्यांना कळलं, तेव्हा "बॅकअप खाल्लात तुम्ही!" म्हणाले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आमची द्राक्ष बागायतदारांची संस्था होती. मी लॅबमध्ये माती, पाणी आणि वेलीच्या पानांचे देठ तपासायची आणि गायधनी ते अहवाल कॉम्प्युटरवर चढवायचे. नव्वदीचे दिवस ते. कॉम्प्युटरला एसी आणि आम्हाला पंखा. शनिवारी दुपारी ते त्या वर्षाचं तोवरचं सगळं काम एका टेपवर उतरवून घ्यायचे. मग टेप स्टीलच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि स्वारी सटाण्याच्या एसटीने देवळ्याला. तिथे त्यांची थोरली बहीण होती, अक्का. तिच्या कपाटात नवी टेप ठेवायची, मागच्या शनिवारची परत आणायची, वर्षअखेरची तेवढी तिथेच राहू द्यायची आणि सोमवारी ऑफिसात हजर व्हायचं.

एका दसऱ्याला अक्कांनी टेपवरच हळदकुंकू वाहिलं. सोमवारी बघते तर गायधनी कापसाचा बोळा घेऊन टेप पुसताहेत. "अहो, सांगायचं ना त्यांना!" मी म्हटलं. "कसं सांगणार? ती एवढ्या श्रद्धेने सांभाळते," म्हणाले, आणि पुन्हा पुसायला लागले.

साहेबांना हे सगळं खुळच वाटायचं. "गायधनी, टेप माझ्या बंगल्यावर ठेवा की! एवढ्या लांब कशाला हेलपाटे घालता?"

"नको साहेब. शहर एक, नदी एक. उद्या गोदावरीला पूर आला म्हणजे?"

"माझा बंगला टेकाडावर आहे हो!"

"मग वीज पडेल," गायधनी शांतपणे म्हणाले. साहेबांनी हात जोडले.

पुढे दोन हजार सालानंतर नवा सर्व्हर आला. त्यात दोन डिस्क. बसवायला आलेल्या पोराने समजावून सांगितलं की एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जातं, एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहतं. साहेब एकदम खूश. "सुटलात गायधनी! आता देवळा बंद. शनिवारी पूर्ण वेळ ऑफिस."

मला वाटलं, चला, बिचाऱ्याची दगदग संपली. पण त्यांचा चेहरा पार उतरला. मग ते साहेबांच्या मागेच लागले. "साहेब, ही जुळी भावंडं आहेत. एका पेटीत, एका वायरवर. पेटी चोरीला गेली तर दोघं जाणार. व्हायरस आला तर दोघांना एकदम होणार. हा काही बॅकअप नव्हे!" हे त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं, जिन्यात सांगितलं, आणि साहेबांच्या मुलीच्या लग्नात तर आहेर हातात धरून सांगितलं. मागे ही रांग खोळंबलेली! नवरी मुलगी हसून हसून बेजार. साहेब बधले नाहीत ते नाहीतच.

"अहो, एवढी ओढ आहे तर रविवारी जा की बहिणीकडे," मी म्हटलं.

"ऑफिसचं काम असल्याशिवाय गेलेलं दाजींना चालत नाही."

"हे कुठले दाजी? सख्खा मेव्हणा ना तुम्ही त्यांचा?" मी हसले. ते नाही हसले. त्यानंतर दर शनिवारी दुपारी ते फाटकाशी उभे राहून हायवेवरची सटाण्याची गाडी बघायचे. ती दिसेनाशी झाली की आत येऊन बसायचे. मला तो माणूस बघवेना.

असे दोन-अडीच महिने गेले. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली. बागायतदार जुने अहवाल मागायला रांगा लावायला लागले आणि नेमकी तेव्हाच सर्व्हरवर जागा संपली. गायधनी जेवायला गेले होते. साहेबांनी स्वतः डोकं लढवलं. दोन डिस्क आहेत ना? मग एकीवरची जुनी वर्षं पुसून टाकू, दुसरीवर राहतीलच! पुसली. स्क्रीनवरची कचऱ्याची पेटीसुद्धा आठवणीने रिकामी केली. झालं! एवढ्या वर्षांच्या मातीचा न् पाण्याचा दोन्हीकडून एकदम सफाया.

गायधनी हात पुसत आले, स्क्रीन पाहिला. "साहेब, आरशासमोर उभं राहून मिशी उतरवलीत तुम्ही. आता आरशातल्या माणसाला मिशी कुठून राहणार?"

साहेबांचा हात खरोखरच मिशीवर गेला. रडवेल्या आवाजात ते म्हणाले, "देवळ्याच्या टेपा असतील ना हो?"

"असतील. अक्काने टाकल्या नसल्या तर."

साहेबांनी लगेच जीप काढायला लावली आणि कुठले अहवाल आधी हवेत ते मला माहीत, म्हणून मलाही सोबत धाडलं. गायधनींनी निघताना कपाटातून काहीतरी काढून पिशवीत टाकलं. पिंपळगाव मागे पडलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "ताई, तिथे एक मुलगी दिसेल. रूपा. ती माझी आहे."

मी सीटवर त्यांच्याकडे वळून बसले.

"तिची आई गेली तेव्हा ती तान्ही होती. मी एकटा, काय करणार? अक्काला मूल नव्हतं. दाजी म्हणाले, सांभाळतो, पण पुरती आमची म्हणून. बाप म्हणून सारखं यायचं नाही, पोरीचं मन दोन्हीकडे ओढलं जातं. त्यांचं चुकलं असं नाही. मी शब्द दिला." मग म्हणाले, "ऑफिसचं काम निघालं तर मात्र दाजी कसे नाही म्हणणार?"

दर शनिवारची ती सटाण्याची गाडी मला आत्ता कळली.

देवळ्याला कांदे साठवायच्या चाळीशेजारी अक्कांचं घर. जीप थांबली तशी दोन वेण्या घातलेली, दहाएक वर्षांची पोरगी धावत आली आणि चार पावलांवर थबकली. "मामा! लय दिवस आला नाय तू."

"काम नव्हतं गं," गायधनी म्हणाले. अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. "टेपा हायेत रं बाबा. मी म्हणलं, आता नको असतील तर टाकून देऊ, तर हिनं रडून घर डोक्यावर घेतलं. हात लावू देत नाय."

रूपाने आतून टेपांचा डबा आणला, पण दिला नाही. छातीशी घट्ट धरून उभी राहिली.

"दे गं मामाला," खाटेवरून दाजी म्हणाले.

"नाय देत. ह्या नेल्या की मामा परत येणार नाय. ह्या होत्या म्हणून तर यायचा!"

दाजींनी मान वळवून चाळीकडे बघायला सुरुवात केली. गायधनी ओट्यावर बसले, पिशवीत हात घालून त्यांनी एक टेप काढली आणि तिच्यापुढे धरली. "हे बघ, ही नवी. आधीच्या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची. ही तू सांभाळ. शनिवारी बघायला येतो."

"देवाशप्पथ?"

"देवाशप्पथ."

तिने टेप उलटसुलट करून पाहिली, नीट ओढणीत गुंडाळली आणि मगच डबा त्यांच्या हातात ठेवला. निघताना दाजी फाटकापर्यंत आले. "शनिवारी जेवायला या," म्हणाले आणि परत फिरले.

जीप रस्त्याला लागल्यावर मी विचारलं, "गायधनी, साहेबांनी शनिवारचं अजून काहीच ठरवलेलं नाही. आणि त्या टेपवर एवढं काय होतं हो?"

"काही नाही. कोरी आहे," ते म्हणाले, आणि पिंपळगाव येईपर्यंत रुमालात तोंड लपवून रडत राहिले.