हत्तींची पंगत आणि वरच्या खोबणीतलं पोळं

एका जंगलात, मुलांनो, सगळं अगदी बरं चाललं होतं. त्यामुळे काहीतरी तातडीने बदलायलाच हवं होतं.

जंगल होतं चिमूटभर. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखालीच झाकून जायचं. नाव मोहोळवन. एका बाजूला हत्तींचं अफाट रान, दुसऱ्या बाजूला खाडी. मधोमध एक उंच कडा आणि त्या कड्याला लटकलेली मधाची पोळी. एवढीच काय ती दौलत.

दरवर्षी खाडीपलीकडची माकडं होड्या घेऊन यायची. येताना मीठ आणायची, जाताना मध न्यायची. आपण समोरच्याला चांगलंच गंडवलं, अशी दोघांचीही समजूत असायची आणि दोघंही खूश असायचे. यालाच व्यापार म्हणतात.

मध काढायचं काम ठकूबाई अस्वलीण करायची. ठकूबाई अंगाने दणकट आणि बोलायला फटकळ, पण कड्यावर चढली की तिचा आवाज एकदम मऊ व्हायचा. "सरका गं बायांनो, थोडासाच घेते," असं ती माश्यांना म्हणायची. आणि खरोखरच थोडासा घ्यायची.

तिच्या आईने तिला एक गोष्ट बजावून ठेवली होती. कड्याच्या अगदी वरच्या खोबणीत एक जुनं पोळं आहे, त्याला हात लावायचा नाही. बाकीची काढली तरी माश्या पुन्हा बांधतात. ते काढलं, तर इथे आपलं काही उरलं नाही असं समजून उठून जातात. ठकूबाईला ना मूल ना बाळ. तिचं जे काही होतं ते त्या कड्यावर गुणगुणत होतं. हे लक्षात ठेवा हं, कारण दरबारात कोणाच्याच लक्षात राहणार नाही.

तर एका वर्षी खाडीला तुफान आलं आणि माकडं उशिरा आली. तेवढ्या दिवसांत महाराजांच्या आमटीत मीठ पडलं नाही. महाराज म्हणजे झिपरोजी रानमांजर. (एवढ्याशा जंगलाला वाघ परवडत नाही.) प्रजेच्या ताटात मीठ नसलं तर त्याला काटकसर म्हणतात. राजाच्या ताटात नसलं की ते राष्ट्रीय संकट होतं.

महाराजांनी दरबार भरवला. दरबारात सुदूरपंत करकोचा होता. तो दरवर्षी थोडे महिने परदेशात काढायचा. तिथे काय करायचा हे कोणाला माहीत नव्हतं, पण तिथून परत यायचा हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तो राज्याचा अर्थसल्लागार होता.

"महाराज, एकच माल आणि एकच गिऱ्हाईक!" सुदूरपंत म्हणाला. "अशाने राज्य एका पायावर उभं राहतं. एका पायावर उभं असलेलं कधी टिकलंय का?"

हे तो एका पायावर उभा राहूनच बोलला. कोणी हसलं नाही. तुम्हीही हसू नका. मोठे झालात की तुम्हालाही असल्या बैठकांना बसायचंय.

"मग करायचं काय?" महाराजांनी विचारलं.

"नवे धंदे. ज्याला जे येतं ते तर तो आधीपासूनच करतोय, त्यात प्रगती कसली? ज्याला जे अजिबात येत नाही, ते त्याने सुरू करावं. मग शेजारच्या हत्तींना परिषदेला बोलवावं आणि म्हणावं, बघा आमच्याकडे काय काय आहे."

सगळ्यांना पटलं. साळिंदराने उश्यांचा कारखाना काढला. उश्यांत भरायला कापूस नव्हता, पण अंगावर काटे भरपूर होते. घुबडाने दिवसाची सहल सुरू केली. "डावीकडे पाहा, बहुधा टेकडी असावी," असं ते प्रवाशांना सांगायचं. कासवाने जलद टपालसेवा उघडली. हत्तींना आमंत्रण त्याच्याच हाती पाठवलं, त्यामुळे परिषद एक वर्ष पुढे गेली.

"आणि मी काय करू?" ठकूबाईने विचारलं.

"तुम्ही पाहुण्यांना मध वाढा," सुदूरपंत म्हणाला.

"वाढीन की. पण विकायचा नाही? तेवढीच एक वस्तू आपल्याला नीट जमते."

"ठकूबाई, परदेशी पाहुण्यांसमोर मधाचा भाव सांगायचा म्हणजे आपण अजून मधच विकतो हे कबूल करायचं! काय म्हणतील ते?"

काय म्हणतील, या प्रश्नापुढे ठकूबाईचं काही चालेना. आपलंही चालत नाही.

आता इथे तुम्हाला मोहोळवनाची एक रीत सांगायला हवी. पाहुण्याचं पान रिकामं दिसलं की तो अजून भुकेला आहे असं समजायचं आणि वाढायचं. पोट भरलेला पाहुणा पानात एक घास तसाच ठेवतो, मग वाढणारा थांबतो. तोंडाने कितीही वेळा "नको" म्हटलं तरी ते खरं धरायचं नाही. तुमच्या मावशीकडे जेवायला गेलात की तिथेही तपासून पाहा.

हत्तींच्या रानातली रीत वेगळी होती. तिथे पानात घास टाकला तर तो यजमानाचा अपमान. वाढलेलं सगळं संपवायचं आणि पान चाटूनपुसून स्वच्छ करायचं. दोन्ही रिती चांगल्या. दोन्ही घरंदाज. फक्त त्या एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

हत्ती आले. सगळ्यांत पुढे त्यांचे मुखिया भीमण्णा. फार सज्जन हत्ती. येताना आपल्या पायाखाली कोणी येऊ नये म्हणून ते फुंकर घालत चालत होते.

आधी सहल झाली. मग टपालसेवेचं प्रात्यक्षिक झालं, म्हणजे सुरू झालं. मग एका तरुण हत्तीला उशी दाखवली. तो कौतुकाने तिच्यावर बसला आणि पुढची सगळी परिषद त्याने उभ्याने ऐकली.

मग पंगत बसली. ठकूबाईने केळीच्या पानांवर मध वाढला. भीमण्णांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"अहो बाई, हे काय आहे?"

"मध. आमच्या कड्यावरचा."

"महाराज," भीमण्णा म्हणाले, "हा कसा दिलात? याच्या बदल्यात आम्ही ऊस देऊ, धान्य देऊ. आमच्याकडे मिठाच्या खाणी आहेत, मीठ देऊ."

मीठ! ठकूबाईने महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी सुदूरपंताकडे पाहिलं. सुदूरपंताने पाय बदलला.

"छे छे!" महाराज घाईघाईने म्हणाले. "हा नुसता पाहुणचार. याचं काय घ्यायचं? आपण उश्यांचं बोलू."

भीमण्णांनी विषय सोडला. दुसऱ्याच्या पाहुणचाराचा भाव करणं त्यांच्यात असभ्य समजतात. त्यांनी मुकाट्याने पान चाटून स्वच्छ केलं.

पान रिकामं दिसलं. ठकूबाईने पुन्हा वाढलं.

भीमण्णांनी पुन्हा संपवलं. तिने पुन्हा वाढलं. "पाहुण्यांना आवडलंय!" महाराज खूश झाले. "हात आखडू नका!" ठकूबाई कड्यावर चढायची, पोळं उतरवायची, वाढायची, आणि मागे वळते तो पान लख्ख. हत्तींच्या पंगतीत काय चाललं होतं ते तिला नंतर कळलं. ते बिचारे घामाघूम झाले होते. "काका, आता एक थेंबही जात नाही हो," एक पुतण्या हळूच म्हणाला. "बाळा, गिळ," भीमण्णा म्हणाले. "एवढंसं जंगल, आपल्यासाठी घर रिकामं करतंय. त्यांचं मन मोडू नकोस."

कडा हळूहळू काळा दिसायला लागला. पूर्वी त्याच्यावर पोळी होती म्हणून तो एवढा काळा आहे हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शेवटी ठकूबाई महाराजांच्या कानाशी लागली. "महाराज, संपला मध. आता वरच्या खोबणीतलं तेवढं राहिलंय."

"मग ते आणा."

"ते नाही आणणार मी. ते काढलं तर माश्या जातील."

"ठकूबाई!" सुदूरपंत दबक्या आवाजात ओरडला. "करार तोंडाशी आलाय! तुम्हाला माश्या महत्त्वाच्या की देश?"

"ते तुम्ही ठरवा," ठकूबाई म्हणाली. "मी या कड्याखाली बसते. मला काय शिक्षा द्यायची ती पाहुण्यांसमोर द्या."

आणि ती कड्याला पाठ लावून फतकल मारून बसली. राजाला तिने आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून महाराजांनी माघार घेतली. सुदूरपंताने चोच पंखात घातली. ठकूबाई जिंकली होती, मुलांनो. ही गोष्ट इथे संपली असती तर किती छान झालं असतं.

पण भीमण्णा उठले. वाढायला कोणी येत नाही असं पाहून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो चेहऱ्यावर दिसू दिला नाही. सगळ्यांचा निरोप घेऊन ते मुद्दाम ठकूबाईजवळ आले आणि त्यांनी सोंड आपल्या कपाळाला लावली.

"बाई, तुमच्या हाताला फार चव आहे. पोटभर जेवलो. आता निघतो आम्ही."

ठकूबाई ताडकन उठली.

"अगंबाई, निघालात? असं कसं? काहीच तर घेतलं नाहीत तुम्ही! बसा बसा, माझ्या गळ्याची शपथ आहे, एक घास तरी!"

शब्द तोंडातून गेले आणि मग ते तिला ऐकू आले.

तिला असं म्हणायचं नव्हतं. पण निघालेल्या पाहुण्याला मोहोळवनात दुसरं काही म्हणतच नाहीत. तिची आई असंच म्हणायची. आईची आईही असंच म्हणायची. त्यांच्या दारात कधी हत्ती आला नव्हता एवढंच.

भीमण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बाईमाणसाने गळ्याची शपथ घातलेली. ते परत येऊन बसले. त्यांच्यामागे सगळे हत्ती कण्हत कण्हत बसले. त्यांच्यापुढे स्वच्छ, रिकामी पानं होती.

आता बोलून बसलेला शब्द मागे कसा घ्यायचा? आपणच शपथ घालून बसवलेल्या पाहुण्याला उपाशी कसं उठवायचं? महाराजांना आता काही बोलायची गरजच उरली नव्हती. ठकूबाई वळली आणि कडा चढायला लागली. "सरका गं बायांनो" हे शब्द काही केल्या तिच्या तोंडून फुटेनात. माश्या आपणहून सरकल्या. त्यांना वाटलं, नेहमीसारखं थोडंसंच घेणार.

तिने वाढलं. भीमण्णांनी पान स्वच्छ केलं. आणि मग माश्यांचा एक मोठा ढग कड्यावरून उठला, हत्तींच्या रानाकडे वळला आणि झाडांच्या वरून निघून गेला. ठकूबाई तो दिसेनासा होईपर्यंत तोंड वर करून उभी होती.

त्या वर्षी माकडं मीठ घेऊन आली, मध नाही असं पाहून मीठ घेऊन परत गेली. उश्या कोणी घेतल्या नाहीत. महाराजही अळणी आमटी प्यायला लागले, तेव्हा कुठे राज्यात समता आली.

पुढे भीमण्णांचा निरोप आला. "आमच्या रानात अचानक पुष्कळ माश्या येऊन राहिल्या आहेत. तुमच्याकडे मध कमी झाल्याचं ऐकतो. तुम्ही आमचं एवढं केलंत, आम्ही हवा तेवढा मध देऊ. बदल्यात तुमच्या जंगलातला बांबू द्या, जमेल तसा." निरोपात कुठेही लबाडी नव्हती. सज्जन हत्ती, मी आधीच सांगितलं.

मोहोळवनात तोरणं लागली. "गेल्या वर्षापर्यंत हत्तींशी आपला व्यापार शून्य होता!" सुदूरपंताने भाषणात सांगितलं. "आज आपल्याला परदेशी भागीदार मिळाला आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. साळिंदरानेही टाळ्या वाजवल्या, कारण त्याच्या कारखान्याला उत्तेजनार्थ पदक मिळालं होतं.

परदेशी मधाचं पहिलं मडकं उघडायचा मान ठकूबाईला दिला. राज्यात मधातलं तिच्याइतकं कोणाला कळत होतं? तिने फडकं सोडलं. मडक्याच्या काठावर बसून एक माशी इथवर आली होती. ठकूबाईने तिला ओळखलं. तिनेही ओळखलं असावं, कारण ठकूबाईचा पंजा पुढे होताच ती उडाली आणि आल्या वाटेने हत्तींच्या रानाकडे परत गेली.

ठकूबाई सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागली.

"पाहा," महाराज मडकं घेऊन आलेल्या हत्तींना म्हणाले, "आमच्या प्रजेला किती आनंद झालाय."

तात्पर्य: देशाने कधीही एकाच वस्तूवर अवलंबून राहू नये. ती वस्तू लवकरात लवकर पाहुण्यांना वाढून संपवावी, म्हणजे मग कशावरच अवलंबून राहायची भीती उरत नाही. निघालेल्या पाहुण्याला सुखाने जाऊ द्यावं, असंही या गोष्टीवरून कोणाला वाटेल. पण तसलं काही मनात आणू नका. लोक काय म्हणतील?