गावंडे सरांचं कुंकू

टायफॉइडमधून उठून गावंडे सर घरी परतले, तेव्हा रिक्षातून उतरायच्या आधीच ओरडले, "वहिनी, मी सोडियम झालो! यमानं सोडलं!"

रिक्षावाल्यानं मला हळूच विचारलं, "दीदी, बुखार दिमाग में चढ़ गया क्या?"

"नहीं भैया, बुखार तो उतर गया. ये पहले से ऐसे ही हैं," मी म्हटलं.

सर आमचे शेजारी. जबलपूरच्या मदन महल भागात आमच्या भिंतीला त्यांची भिंत. तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि उरलेलं सगळं आमच्यावर काढलं. पत्र्याच्या दुकानात जाऊन "जास्त नको, जस्त द्या" म्हणायचे. दुकानदार हिंदी, त्याला ओ की ठो कळायचं नाही, पण सर आठवडाभर खूश. दारावर एखादा चिकट विक्रेता आला की "चलो भैया, निकेल!" आमच्या ह्यांचं नाव त्यांनी बोरॉन ठेवलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच चुकलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या तांबेकाकू म्हणजे वीज वाहून नेणारं तांबं. गल्लीच्या या टोकाला शिंकलं की काकूंमार्फत त्या टोकाला काढा उकळायला लागे. राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं, मग आपण जबलपूरचे मराठी इकडे कसे काय राहिलो, असं कोणी विचारलं तर सर म्हणत, "द्रावण ओतून नेलं ना त्यांनी! आपण साका. तळाशी बसून राहिलो."

बसून राहिलो म्हणणारा हा माणूस स्वतः मात्र कधी बसायचा नाही. चहाची कपबशी हातात घेऊन माझ्या अंगणात येरझारा. तुळशीला फेरी, मग फाटकापर्यंत, मग पुन्हा पायरीशी. बशीतला चहा सांडायचा, पण पाय थांबायचे नाहीत. मी मुळातच तापट. बघून बघून माझंच डोकं फिरे.

"सर, एका जागी बसा ना जरा!"

"बसू कसा वहिनी? आयन आहे मी. एक इलेक्ट्रॉन कमी पडून राहिला."

तांबेकाकू म्हणत, पूर्वी बसायचे. शालू आल्यापासून ही भिंगरी लागली पायाला.

शालूताई म्हणजे सरांची धाकटी बहीण. यजमान गेल्यावर अमरावतीहून भावाकडे आलेली. सर अविवाहित, त्यामुळे घरात हे दोघंच. ताई बोलायच्या कमी आणि हाताला चव अशी, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे तिळाचे लाडू आमच्याकडे त्यांनीच करायचे हे ठरूनच गेलं होतं. सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात लाडू वळायच्या. चार वाजता बायका यायला लागल्या की मागच्या दारानं घरी निघून जायच्या. लाडू चालत होते, पण कुंकू न लावणारं कपाळ चालत नव्हतं.

कुंकू दर वर्षी सरांच्या घरचं. हळदीत चुना कालवून ते लालभडक करायचे. "हळद आणि कुंकू एकच हो वहिनी. मध्ये फक्त चिमूटभर चुना." डबी देताना दर वर्षी विचारायचे, "किती बाया येऊन राहिल्या?"

"बावीस."

"शालूला धरून?"

मी लगेच कुठलं तरी झाकण शोधायला लागायची. आज लिहितानाही मला लाज वाटते. चूक मला कळत होती, पण मी तांबेकाकूंना भ्यायची.

ताई आल्याच्या सहाव्या वर्षी संक्रांतीआधी सर तीन दिवस नुसते आत-बाहेर करत होते. संक्रांतीला कुंकवाच्या डबीबरोबर एक बाटली आणून दिली. "गुलाबपाणी. घरीच बनवलं. पण गुलाबदाणी शालूच्याच हाती द्या. तिचा हात मोजका आहे."

"सर, काकू काय म्हणतील..."

"काहून? कपाळाला हात थोडीच लावून राहिली ती? पाणीच शिंपडायचं आहे ना?"

मी गुलाबदाणी फडताळातून काढून पुसायला घेतली.

त्या संध्याकाळी शालूताई पहिल्यांदा माझ्या पुढच्या खोलीत आल्या. पदर डोक्यावर ओढून, भिंतीच्या कडेकडेनं. काकूंनी ओठ आवळले. ताईंनी एकेकीवर गुलाबपाणी शिंपडलं आणि थोड्याच वेळात एक जण ओरडली, "अगं बाई, तुझं कुंकू पिवळं झालं!"

"आणि तुझं काय वेगळं आहे?"

बावीसच्या बावीस कपाळं पिवळी! कोणी अपशकुन म्हणून डोळे मोठे केले, कोणी खिदळायला लागली, आरशापुढे रेटारेटी सुरू झाली. तांबेकाकू चष्मा काढून कपाळ पुसत होत्या. तेवढ्यात समोरच्या बाईचं कपाळ त्यांना अगदी कोरं दिसलं.

"अगं, तुझं तर सगळंच धुऊन गेलं! ये इकडे," म्हणत त्यांनी चिमूटभर हळद घेऊन तिला लावली.

ती शालूताई होती.

काकूंनी चष्मा चढवला. बोट तसंच हवेत. काकूंनी ताईंकडे पाहिलं, मग ताटातल्या लाडवांकडे पाहिलं.

"हे तूच केले ना गं? मग उभी काहून? बस."

मी तशीच मागच्या दारानं सरांकडे धावले. ते व्हरांड्यात येरझारा घालत होते.

"कुंकू फसलं ना वहिनी?" त्यांनी न थांबताच विचारलं.

"पार फसलं. सगळ्या पिवळ्या."

त्यांच्या मागे ओट्यावर पिळलेल्या लिंबांच्या फोडी पडल्या होत्या. जन्मभर काचेच्या नळीतून थेंब मोजलेला माणूस! त्याच्या हातून गुलाबपाण्यात लिंबू चुकून पडणार? आंबट लागलं की त्या लालाची पुन्हा हळद होते, हे यांनीच मला दहादा सांगितलेलं.

"मुद्दाम केलंत?"

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक दिवस तरी सगळ्या सारख्या दिसाव्या म्हटलं. तिला कोणी वेगळी काढू नये." मग घाईनं, "शालू कुठे आहे?"

"बसली आहे. काकूंच्या शेजारी."

"बसली?"

"हो. आणि पुढच्या वर्षी लिंबू नको, सर. ताईंना बोलवायला मी स्वतः येईन. पुढच्या दारानं."

सरांनी मागे हात नेऊन पायरी चाचपली आणि ते बसले. एकही कोटी केली नाही. मीही शेजारी टेकले. भिंतीपलीकडून बायकांचा गलका येत होता. मध्येच सरांनी बोट वर करून मला त्यातलं एक हसणं ऐकवलं. सहा वर्षांत मी ते कधी ऐकलं नव्हतं.